जाळीचं पान

मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती वनस्पती आमच्या घरात आली. एका माणसाचं सगळं अंथरुणात करता करता माझी कंबर आधीच गेली होती, त्यात हिची भर.

आम्ही तेव्हा बडोद्याला घडियाळी पोळीत भाड्यानं राहत होतो. पोळ म्हणजे आपली आळी. पुढचा भाग घरमालकिणीचा. मागचा चौक, त्याच्या कडेच्या दोन खोल्या नि माडी आमची. घरमालकीण गुजराती, वयानं माझ्या आईएवढी, एकटीच. सगळी पोळ तिला बा म्हणे, म्हणून मीही बाच म्हणायची. चौकाच्या मध्ये फरशीत एक गोल झाकण होतं आणि त्याच्या खाली टाकं. पावसाळ्यात छपरावरचं पाणी पन्हळीतून त्या टाक्यात उतरायचं आणि वर्षभर पुरायचं. खाली मिट्ट काळोख आणि चुन्यानं घोटलेल्या भिंती. भर वैशाखात पोहरा वर काढला तरी पाणी हाताला झोंबेल इतकं गार असे. पोळीत नळ आले होते, पण नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही अशी बांची ठाम समजूत होती, आणि खोटं कशाला बोलू, ती खरीच होती. प्यायला आणि डाळीला टाक्याचं, बाकी सगळ्याला नळाचं, असा त्या घराचा नियम. टाकं दोन्ही बिऱ्हाडांत मिळून एकच.

आमचे हे कामाठी बागेत नोकरीला होते. बागेसाठी देशोदेशींहून बिया, कलमं, कंद यायचे. ते उतरवून घ्यायचे, रुजवायचे, आणि कोण जगलं कोण मेलं ते साहेबांना सांगायचं, हे यांचं काम. साहेब म्हणजे बागेवरचे मुख्य, गोरे. एके संध्याकाळी हे पत्र्याचा एक डबा छातीशी धरून घरी आले. डब्यात ओलं शेवाळ आणि शेवाळात गुंडाळलेला बोटाएवढा काळपट कंद.

“अळकुडी कसली आणलीत?” मी विचारलं.

“अळकुडी नव्हे. आफ्रिकेच्या अलीकडे एक मोठं बेट आहे, तिथल्या ओढ्यांत वाढते ही, पाण्याच्या आत. आपल्याकडे कुणी वाढवल्याचं साहेबांच्याही ऐकिवात नाही.”

“मग आपल्या घरी का आणली?”

यांनी पगडी खुंटीला लावली आणि सगळं सांगितलं. असे तीन कंद आले होते. दोन बागेतल्या काचघराच्या हौदात लावले, ते कुजले. तिथलं पाणी विहिरीचं, जड, आणि दुपारी तापायचं. साहेब म्हणाले, हिला पावसाचं गार पाणी पाहिजे आणि सावली पाहिजे. कुणाच्या घरी टाकं आहे का?

“मी म्हटलं, आमच्याकडे आहे.”

“बांना विचारलंत?”

“तू विचार,” हे म्हणाले.

मी गेले तेव्हा बा ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. माझं ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं. “झाडने टांकानुं पाणी?” झाडाला कुणी टाक्याचं पाणी घालतं, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. “माणसने तो पूरुं थतुं नथी, बेन.” माणसांनाच पुरत नाही, ही त्यांची तक्रार काही खोटी नव्हती. पण यांच्यावर त्यांची माया होती. शेवटी रोज एक डोल, त्याच्यावर नाही, असं ठरलं. डोल म्हणजे बादली. आमच्याही तोंडी तोच शब्द बसला होता.

जिन्याखाली आधीच्या भाडेकऱ्यांची एक दगडी कुंडी पडलेली होती. यांनी ती घासून काढली, तळाशी नदीची वाळू, थोडा कोळसा आणि कुजलेला पाला घातला, कंद अर्धा वाळूत रोवला आणि वर टाक्याचं पाणी सोडलं. मग मला शेजारी उभं करून समजावलं. रोज सकाळी निम्मं पाणी काढायचं आणि तेवढंच ताजं घालायचं. ऊन पडू द्यायचं नाही. तेलाचा, मिठाचा, साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही. गोगलगाय दिसली की काढायची. शेवाळ धरू द्यायचं नाही.

“हे सगळं करणार कोण?” मी विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं. हे उजाडताच बागेत जात आणि दिवेलागणीला परत येत.

मामंजींचं अंथरूण चौकालगतच्या पडवीत होतं. सकाळी उठल्याबरोबर त्यांना कुशीवर वळवायचं, ओलं झालेलं काढायचं, अंग पुसायचं, वैद्यांनी दिलेलं तेल उजव्या हातापायांना चोळायचं. मग मुलींच्या वेण्या. शाळा चुकवलेली चालत नसे, सरकारचा कायदाच होता. मग चूल. मग मामंजींना चमच्याचमच्यानं पेज, ती अर्धी पोटात नि अर्धी गळ्यावर. मग चादरी धुणं. या सगळ्याच्या आधी कुंडीचं पाणी बदलावं की नंतर, हे मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. आधी बदलावं तर मामंजी ओल्यात पडून राहत. नंतर बदलावं तर हाताला तेल. मी राखेनं हात घासून घासून कुंडीपाशी जायची. त्या वर्षभरात माझ्या बोटांना भेगा पडल्या त्या बुजायला फार दिवस लागले.

मामंजी संस्थानच्या हुजूर कचेरीतून निवृत्त झालेले. कडक माणूस. लग्न होऊन मी घरात आल्यापासून ते माझ्याशी कधी सरळ बोलल्याचं मला आठवत नाही. काही हवं असलं तर “तुझ्या आईला सांग” असं मुलींना म्हणत, आणि मुली व्हायच्या आधी सासूबाईंकडून निरोप येई. सासूबाई गेल्यावर घरात त्यांचा आवाजच कमी झाला. झटक्यानं उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दोन शब्द तेवढे उरले, ‘हं’ आणि ‘नको’. पाणी हवं असलं तरी ‘नको’ म्हणत. कोणता ‘नको’ खरा नि कोणता खोटा, हे आवाजावरून ओळखायला मी हळूहळू शिकले. ज्या माणसासमोर माझा डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता, त्याचं धोतर मी बदलत होते. त्यांना ते सहन होत नसे. तोंड भिंतीकडे फिरवून पडत. मलाही सुरुवातीला कसंसंच व्हायचं. पुढेपुढे तेही राहिलं नाही. नुसती झोप यायची.

कंदाला कोंब आला तो श्रावणाच्या सुमारास. एक गुलाबीसर तपकिरी सुरळी वर आली, हळूहळू उलगडली, आणि पाहते तर पानाला नुसती भोकंच भोकं. उभ्या-आडव्या शिरा तेवढ्या जागच्या जागी, आणि मधला गर सगळा नाहीसा. मला रडूच आलं. इतके दिवस राखलं आणि किडीनं खाल्लं! संध्याकाळी हे आले तेव्हा मी जिन्याखाली बसूनच होते.

“संपलं तुमचं झाड,” मी म्हटलं. “कीड लागली.”

यांनी घाईघाईनं कंदील खाली धरला आणि हसायलाच लागले. “अगं, हे असंच असतं! याच्यासाठीच तर एवढा खटाटोप. या पानाला गर नसतोच. नुसती जाळी.”

मी पुन्हा वाकून पाहिलं. कंदिलाच्या उजेडात पाण्याखाली ती जाळी अगदी मंद हलत होती. खिडकीला लाकडी जाळी असते ना, तशी, पण इतकी बारीक की बोट लावायची भीती वाटावी. सुंदर होती, यात वाद नाही. पण माझ्या मनात आधी आलं ते हे, की या भोकाभोकांत शेवाळ अडकणार आणि ते काढायला मी बसणार.

मुलींनी तिचं नावच जाळी ठेवलं. यांनी सांगितलेलं लांबलचक लॅटिन नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही.

शेवाळ धरायचं ते धरलंच. हिरव्या कापसासारखं जाळीत गुंतून बसायचं. बोटानं काढावं तर पान फाटायचं. मग यांनी कुठूनसं कबुतराचं पीस आणलं. त्या पिसानं पाण्यातल्या पाण्यात हलकेच झाडायचं. एकेका पानाला केवढा तरी वेळ जाई, आणि भाद्रपद संपेपर्यंत चांगली पाच-सहा पानं झाली होती. लोकांच्या घरी गौरी-गणपतीची गडबड, आणि मी जिन्याखाली उकिडवी बसून पानं झाडतेय.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात नुकती आडवी झाले होते. पडवीतून भांडं आपटल्याचा आवाज आला. धावत गेले. मामंजी डाव्या हातानं पितळी पेला खाटेवर आपटत होते. अंथरूण कोरडं होतं. पाणी दिलं, तर तोंड फिरवलं. कूस बदलू का विचारलं, तर “नको.” आणि पुन्हा पेला आपटायला लागले. माझा तोल गेला. सासऱ्यांसमोर मी पहिल्यांदाच आवाज चढवला.

“मग हवंय तरी काय तुम्हाला?”

त्यांनी पेला जिन्याकडे धरला. मी वळून पाहिलं. कुंडीच्या काठावरून एक गोगलगाय आत उतरली होती आणि सगळ्यात नव्या पानावर आरामात चरत बसली होती.

मी ती काढून टाकली. परत वळले तर मामंजी माझ्याकडेच बघत होते. “हं,” म्हणाले. त्या ‘हं’मध्ये एवढं समाधान होतं की मला राग धरता येईना. त्या खाटेवरून दिवसभर त्यांना दिसणार काय, तर जिना, जिन्याखालची कुंडी आणि जातायेता मी. ते जाळीवर पहारा देत पडलेले असायचे आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बांना हाक मारून आम्ही दोघींनी त्यांची खाट कुंडीपर्यंत सरकवली. उशा लावून मी त्यांना टेकवून बसवलं आणि त्यांच्या डाव्या हातात पीस दिलं. माझा हेतू काही थोर नव्हता. तेवढं एक काम आपल्या मागचं टळावं, एवढंच. पहिल्याच दिवशी त्यांनी एक पान फाडलं. चेहरा असा पडला की बघवेना.

“असू द्या,” मी म्हटलं. “माझ्याही हातून फाटलंय.”

मग हळूहळू हात बसला. मुली शाळेत गेल्या की ते कुंडीवर वाकत ते जेवणाचं ताट समोर येईपर्यंत. जीभ किंचित बाहेर, श्वास रोखलेला. तेवढ्या वेळात माझं धुणं होई, आणि कधी कधी मी धुण्याच्या दगडावरच बसून डोळे मिटून घेई. झटका आल्यापासून दिवसाउजेडी अशी उसंत मला पहिल्यांदाच मिळत होती. आमचं दोघांचं बोलणं असं काही होत नसे. “पाणी घालते हं आता,” मी म्हणायची. “हं,” ते म्हणायचे आणि पीस बाजूला घ्यायचे. पण आता अंग पुसताना ते भिंतीकडे तोंड करत नाहीत, हे एके दिवशी माझ्या ध्यानात आलं.

दिवाळीनंतर साहेब जाळी बघायला आले. पोळीत गाडी शिरत नसे, तेव्हा नाक्यापासून चालत, आणि त्यांच्या मागे अर्धी पोळ. मामंजींनी त्या दिवशी सकाळपासून ‘नको, नको’ करून मला भंडावून सोडलं होतं. शेवटी कळलं, त्यांना पगडी हवी होती. अंगरखा चढवता येईना, म्हणून नुसत्या शालीवर पगडी बांधून ते बसले. साहेब जिन्याखाली गुडघ्यांवर बसले आणि टोपी काढून बराच वेळ कुंडीत बघत राहिले. यांच्याशी इंग्रजीत पुष्कळ बोलले. यांनी त्यांना सांगितलं की पानं साफ करतात ते माझे वडील. तेव्हा साहेब मामंजींपाशी आले, मोडक्या मराठीत “फार चांगले काम” म्हणाले आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन हलवला. मी दाराआड होते. माझा विषय निघाला नाही. त्याचं वाईट वाटायला हवं होतं कदाचित, पण चहाची भांडी केव्हा रिकामी होतील नि मी केव्हा टेकेन, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

संक्रांतीनंतर बागेत फुलांचं प्रदर्शन भरणार होतं, बाहेरच्या संस्थानांतले पाहुणे येणार होते. तिथे जाळी मांडायची असं साहेबांनी ठरवलं. मग काय, यांना दुसरा विषयच नाही. बागेत सांगून झालं, माझ्या माहेरी कळवून झालं, ओट्यावर बसून बांनाही सांगून झालं. बा म्हणाल्या, “मारा टांकानुं पाणी छे, एम पण कहेजो.” पाणी माझ्या टाक्याचं आहे, हेही सांगा म्हणे पाहुण्यांना.

आणि पौषात पानं जायला लागली. आधी एक पान काळं पडलं आणि पाण्यातच विरघळलं. मग दुसरं. नवी सुरळी येईना. पाणी तेच, सावली तीच, मामंजींचा हात तर माझ्याहून हलका. हे रोज संध्याकाळी कंदील धरून पाहत आणि काही न बोलता उठत. शेवटचं पान गेलं त्या दिवशी मात्र म्हणाले,

“तू तेलाचा हात घातलास का पाण्यात?”

मी मामंजींच्या पायाला तेल चोळत होते. हात तसाच राहिला.

“रोज राखेनं घासते,” मी म्हटलं. “बघा हवं तर हात.”

“मग झालं कशानं? काही तरी लागल्याशिवाय असं होत नाही. एवढं सगळ्यांना सांगून बसलो, आता साहेबांना काय तोंड दाखवू?”

“नको!”

मामंजी एवढ्या मोठ्यानं ओरडले की आम्ही दोघंही दचकलो. चेहरा लालबुंद झाला होता. डाव्या हातानं त्यांनी आपल्या मुलाला दार दाखवलं. हे कंदील ठेवून माडीवर निघून गेले. मी तेल चोळायचं संपवलं. माझ्या मनात मात्र शंका शिरली होती. लागला असेल का खरंच कधी हात? झोपेच्या गुंगीत? नाही म्हणता म्हणता मीच मला विचारत होते.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मेलं ते, काढून टाका. हे घरी येऊन कंद काढायला बसले. वाळूतून तो वर आला तेव्हा आणला होता त्याच्या दुप्पट झालेला. यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला.

“कुजका वास नाही,” हे म्हणाले. “आणि घट्ट आहे. मेलेलं असं घट्ट राहत नाही.” थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाले, “झोपला असेल. हळद, सुरण झोपतातच की. मी तुला उगाच बोललो.”

“बोललात खरे,” मी म्हटलं.

एवढ्यावरच ते मिटलं. भांडायला लागतं तेवढं बळ दोघांच्याही अंगात नव्हतं.

कंद ओल्या वाळूच्या मडक्यात घालून माठाशेजारी गारव्याला ठेवला. प्रदर्शन जाळीशिवाय झालं. हे तिथे दिवसभर दुसऱ्यांचे गुलाब मांडत होते. घरी आले, पाय धुतले, “गर्दी चांगली होती” म्हणाले, पुढे काही नाही.

कुंडी रिकामी झाली म्हणजे माझं तेवढं ओझं उतरलं, असं मला वाटलं होतं. पण मामंजींना आता करायला काही राहिलं नाही. पीस हातात धरून रिकाम्या कुंडीकडे बघत बसायचे. मग बसेनासे झाले. उशा लावल्या तरी एका बाजूला घसरायचे. माघात ताप आला आणि त्यानंतर ते उठून बसलेच नाहीत. पाठीला जखमा झाल्या. त्या धुवायच्या, मलम लावायचं, घटकेघटकेला कूस बदलायची. त्यांचं अंग आता लहान मुलासारखं हलकं झालं होतं, तरी मला ते आधीपेक्षा जड वाटे.

चैत्रात मडक्यातली वाळू ओली करायला हात घातला नि बोटाला कोंब लागला. कुणालाही आनंद झाला असता. मला आधी ते रोजचं पाणी बदलणं आठवलं. मी तिथेच माठाला टेकून बसले. उठून आधी मामंजींना मडकं दाखवलं. त्यांनी मान वळवून पाहिलं, “हं” म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ती कुंडी परत मांडण्यावाचून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आदल्या वर्षीचा पाऊस यथातथाच झाला होता. टाक्यातलं पाणी पार खाली गेलं होतं, दोर पुरा सोडावा लागे. ऊन वाढलं तसं निम्मं पाणी एकदा बदलून भागेना, दोनदा बदलावं लागे. बांनी झाकणाला कुलूप लावलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण मी पोहरा सोडला की ओट्यावरून उठून दारात येत. बोलत काही नसत. ते न बोलणंच मला जड जाई.

वैशाखातल्या एका सकाळी पोहरा ओढता ओढता दोर माझ्या हातून सुटला. खाली पाण्यात आदळल्याचा आवाज आला. मी टाक्याच्या काठावर बसले आणि मला उठताच येईना. कुठे दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. उठायचं मनातच येत नव्हतं. हे बागेला निघाले होते, ते थांबले.

“काय झालं?”

“काही नाही. माझ्याच्यानं आता दोन्ही होत नाही.”

“दोन्ही म्हणजे?”

“मामंजी आणि ही.” मी कुंडीकडे हात केला. “मामंजींचं मी करीन. त्यात काही बोलायचं नाही. पण हिला तुम्ही घेऊन जा. कुठेही न्या. कुजली तरी चालेल.”

मला वाटलं, आता समजूत घालतील, थोडे दिवस काढ म्हणतील. त्यांनी डोक्यावरची पगडी काढून ठेवली, बांकडून गळ मागून आणला, पोहरा शोधून वर काढला आणि त्या दिवसाचं पाणी स्वतः बदललं. बागेत उशिरा गेले. नंतरचे काही दिवस रोज तेच केलं. तेवढ्यात साहेबांशी बोलून घेतलं. आमच्या घरचं बघून साहेबांनी बागेत झाडांच्या सावलीत एक छोटं टाकं आधीच बांधून घेतलं होतं. पाऊस येईपर्यंत त्यात दुसऱ्या एका घरच्या टाक्याचं पाणी पखालीनं न्यायचं ठरलं.

राहिले मामंजी. “मी सांगतो त्यांना,” हे म्हणाले, आणि न सांगताच बागेत निघून गेले. तेव्हा मीच सांगायला बसले. जखमा धुऊन झाल्या होत्या, स्वच्छ पंचा अंथरला होता.

“मामंजी,” मी म्हटलं, “जाळी उद्या बागेत जाणार आहे.”

ते माझ्याकडे बघत राहिले.

“माझ्यामुळे जातेय. तुम्हाला तिचा विरंगुळा आहे, मला समजतं. पण मला झेपत नाही हो. खरंच झेपत नाही.”

‘नको’ येणार म्हणून मी मन घट्ट करून बसले होते. त्यांचे ओठ हलले. पुन्हा हलले. कपाळावर आठ्या पडल्या, मानेची शीर ताठली. डावा हात पांघरुणावरून सरकत आला आणि माझ्या मनगटावर येऊन थांबला.

“द... दमलीस,” ते म्हणाले.

“हं,” मी म्हटलं. आणि मग जे रडू फुटलं ते मी आवरलं नाही. त्यांच्या उशाशी बसून पोटभर रडले. त्यांनी हात काढला नाही.

केव्हातरी बा मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. “जा, सूई जा,” म्हणाल्या. झोप जा. मी म्हटलं, मामंजींना पेज द्यायचीय, कूस बदलायचीय. “मने आवडे छे,” त्या म्हणाल्या, मला येतं. मी माडीवर जाऊन पडले ती दिवे लागले तेव्हा उठले. खाली आले तर मामंजींना पेज दिलेली होती, चादर बदललेली होती आणि बा त्यांच्या खाटेशेजारी बसून आपल्या तुरी निवडत होत्या. त्यानंतर रोज दुपारी त्या येऊन बसत. मी कधी बोलावलं नाही, त्यांनीही कधी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन माळी तांब्याचं मोठं घंगाळ घेऊन आले. यांनी जाळी वाळूसकट उचलून त्यात ठेवली, वर ओलं फडकं घातलं. निघताना माळ्यांनी घंगाळ खाटेशी टेकवलं. दोनच पानं होती. मामंजींनी ती पाहिली, आणि डोळे मिटून घेतले.

ते आषाढात गेले. सकाळची वेळ होती, मी त्यांना कुशीवर वळवत होते, आणि वळवता वळवता कळलं. दिवस-वार झाले, पाहुणे आले, गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मी नुसती झोपत होते. चुलीपाशी बसल्या बसल्या झोपायची, मुलींची वेणी घालता घालता झोपायची. लोकांना वाटे, सासऱ्यांचं दुःख. दुःख होतंही. पण ते झोपेच्या खाली कुठेतरी होतं, माझ्या हाताला लागत नव्हतं.

कार्तिकात हे मला नि मुलींना बागेत घेऊन गेले. विटांचं टाकं, वर गवती छप्पर, भोवती लोखंडी कठडा आणि लॅटिन नावाची पाटी. आत जाळी पसरली होती, एकेक पान वीतभर. आमच्या घरी ती कधी एवढी वाढली नव्हती. दुसऱ्याचं मूल अंगानं भरलेलं पाहून होतो, तसा आनंद झाला. लोक येत, पाटी वाचत, पाण्यात डोकावत आणि बागेतल्याच वाघाच्या पिंजऱ्याकडे निघून जात.

“एखादी फूट घरी न्यायची का परत?” यांनी विचारलं. “यंदा टाकं काठोकाठ आहे.”

“राहू दे इथेच,” मी म्हटलं. यांनी पुन्हा विचारलं नाही. मुलींना वाघ बघायचा होता, त्या पुढे पळाल्या, आणि आम्ही दोघं गवतावर बसलो. बऱ्याच वर्षांत आम्ही असे काही न करता बसलो नव्हतो.

जाळी पुढे काही वर्षं बागेत होती. नंतर हे दुसऱ्या खात्यात गेले, आम्ही रावपुऱ्यात राहायला आलो. तिथे नळावरच सगळं भागे. एक दिवस जेवताना हे म्हणाले की बागेतला जुना माळी भेटला होता, जाळी उन्हाळ्यात गेली म्हणे.

“कुजली?” मी विचारलं.

“माहीत नाही. पानं गेली म्हणून काढून टाकली, एवढंच म्हणाला.”

“दाबून बघितलं का कुणी?”

“कोण बघतंय,” हे म्हणाले, आणि ताकासाठी वाटी पुढे केली. मी ताक वाढलं.